मसूर: आपल्या डब्यातली दुय्यम डाळ येते तरी कुठून?

तिखटमीठ

तूरडाळ संपत आली की आमच्याकडे लगेच वाण्याला फोन जातो. मसूर संपला तर पंधरवडाभर कोणाच्या ध्यानातही येत नाही. सणाला नाही, नैवेद्याला नाही, पाहुणे आले तर मुळीच नाही. "आज भाजी काही नाही, मसूर टाकते" एवढीच त्याची पायरी. मला मात्र ही डाळ मनापासून आवडते. भिजवायची कटकट नाही, उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत शिजते, बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त मिळते. भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून केलेला कोरडा डाळकांदा आणि ज्वारीची भाकरी असली की मला दुसरं काही लागत नाही.

परवा सहज पाकीट उलटं करून पाहिलं तर मूळ देश कॅनडा. दुसऱ्या पाकिटावर ऑस्ट्रेलिया. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मसुराला आपल्या स्वयंपाकघरात हा दुय्यमपणा आला कुठून? आणि हे पीक आपल्याकडे होतच नाही का? इथे कोणी शेतात उभा मसूर पाहिलाय का?

काकूबाई_डोंबिवली

दुय्यमपणाचं सांगते. माझ्या सासूबाई चातुर्मासात मसुराला हात लावत नसत. श्राद्धाच्या स्वयंपाकात तर नावही नको. कारण विचारलं की "रंग बघ की त्याचा" एवढंच उत्तर. पितरांच्या पानात नको असलेल्या धान्यांत पुराणांनी मसूर घातलाय, तो नियम हळूहळू बाकीच्या सणवारांवरही पसरला असावा असं मला वाटतं. एरवी मुलांच्या डब्याला त्याच मसुराची उसळ बिनबोभाट जायची.

नुसताच_वाचक

नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात होतो. तिथे हे प्रकरण अजून पुढे गेलेलं. जुन्या घरांत मसूर चक्क आमिष धरतात, म्हणजे मांसाहारात जमा. वैष्णव खात नाहीत, सोवळं पाळणाऱ्या विधवांना तो वर्ज्य होता. आणि त्याच घरातल्या बाकीच्यांच्या पानात रोज दुपारी पातळ मसूर डाळ, वर लिंबू आणि बाजूला तळलेला मासा! तुमच्या सासूबाईंचं रंगाचं कारण तिथेही ऐकलंय, कांदा-लसणाशिवाय तो रुचत नाही हे दुसरं कारणही ऐकलंय. मला दुसरं जास्त पटतं. हिंग-जिऱ्याच्या साध्या फोडणीत मूग खुलतो, मसूर नाही.

वैद्यबुवा

"मसूर वातूळ" हेही सरसकट ठोकून दिलं जातं, म्हणून लिहितो. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हरभरा, मसूर वगैरे मंडळी एकत्र येतात. सगळी पचायला हलकी, थंड, गोड-तुरट आणि रूक्ष सांगितली आहेत. त्यातही मसूर संग्राही, म्हणजे मळ बांधणारा. वात वाढवण्यात पहिला नंबर कलाय नावाच्या कडधान्याचा, मसुराचा नव्हे. पोट बिघडल्यावर मसुराचं पातळ कढण देण्याची पद्धत याच विचारातली.

आजच्या हिशेबाने बोलायचं तर कोरड्या मसुरात शंभर ग्रॅमला साधारण चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, फोलेट भरपूर, लोहही चांगलं. मेथिओनिन हा प्रथिनाचा घटक मसुरात कमी पडतो तो भात-भाकरीतून मिळतो, आणि धान्यात कमी असलेला लायसिन हा घटक मसूर देतो. लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा. बंगाली लोक ते चवीसाठी करतात, पण फायदा होतोच.

वाळव्याचा_गडी

दुय्यम? ओ ताई, एकदा आमच्याकडं या. इस्लामपूर, कराड, कोल्हापूर, हायवेनं कुठंबी उतरा. 'अख्खा मसूर' अशी पाटीच असती हॉटेलवर. लोक गाड्या थांबवून खात्यात. ताटलीत घट्ट मसूर, वर तेलाचा तवंग, तंदूर रोटी, चिरलेला कांदा, दही. मटणाच्या हॉटेलात शाकाहारी माणसाचा हिरमोड होऊ नये असं एकमेव कालवण हाय हे.

काकूबाई_डोंबिवली

मग कृती टाका की! माझा एकतर पिठलं होतो नाहीतर दाताखाली कचकचतो.

वाळव्याचा_गडी

टाकतो. आमचा मावसभाऊ धाब्यावर भट्टीला असतो, त्याचं बघून शिकलोय.

अख्खा मसूर, सालासकट तपकिरी. दोन-तीन तास भिजवायचा. मग उघड्या पातेल्यात, बोटानं दाबला तर चेपला पाहिजे पण साल सुटता कामा नये, इथवर शिजवायचा. कुकरच पाहिजे तर एक शिट्टी आणि गॅस बंद, वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिजवताना टोमॅटो, चिंच काही घालू नका, आंबटानं दाणा मऊ व्हायला नको म्हणतो. काकू, तुमचं कचकचणं त्यातलंच असंल, नायतर मसूर जुना हाय किंवा पाणी जड हाय.

आता खरं काम कढईत. तेल सढळ. कांदा बारीक, जेवढा मसूर जवळपास तेवढाच, आणि तो तांबूस होईस्तोवर हलवत राहायचं. इथं घाई केली की सगळं गेलं. आलं-लसूण ठेचून, मग टोमॅटो, तो पार विरघळला की आमची कांदा-लसूण चटणी दोन चमचे आणि थोडा गरम मसाला. तेल कडेनं सुटलं की शिजलेला मसूर त्याच्या थोड्या पाण्यासकट. त्यातला पळीभर मसूर कढईच्या कडेला दाबून चेचायचा, दाटपणा त्यानंच येतो. काजूपेस्ट, क्रीम घालणारी हॉटेलं हायत, तिकडं जाऊ नका. दहा मिनिटं मंद आच, कोथिंबीर, झालं.

म्हापशेकार

आमच्या गोंयात मसुराचें तोंडाक करतात. ओलं खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, सुक्या मिरच्या भाजून वाटण, आंबटाला चिंच किंवा सोलं. पावाबरोबर. सकाळी उरलेलं तोंडाक आटवून खाल्लं तर रात्रीपेक्षा चांगलं लागतं. शाकाहाराच्या सोमवारी आमच्याकडे हेच. तेव्हा दुय्यम वगैरे पुण्यात असेल.

झाडीपट्टी

तिखटमीठ, उभा मसूर पाहिलाय का विचारलंत. रोज पाहतो. आमचा भाग धानाचा: भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्वेकडचा पट्टा. इथे धान कापायच्या आठ-पंधरा दिवस आधी, बांधीतलं पाणी काढून दिलं पण चिखल अजून ओला आहे अशा वेळी, उभ्या धानात लाखोळी (लाखेची डाळ), जवस, मसूर फेकतात. याला आम्ही उतेरा म्हणतो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, ओलीत नाही. बी रात्रभर भिजवलेलं असतं, ते चिखलात रुततं आणि धानाच्या सावलीत उगवतं. कापणीला माणसं बांधीत उतरतात तेव्हा पायाखाली कोवळी रोपं असतात, ती तुडवली जातात, तरी उठतात.

उठतात त्याचं कारण आहे. मसुराची डाळिंबी (बियाची दोन दलं) उगवताना जमिनीच्या वर येत नाही, मातीतच राहते. वरचा शेंडा तुटला, गुरानं ओरबाडला, थंडीनं करपला तरी खालच्या डोळ्यातून नवा फुटवा येतो. मूग-उडदाचं तसं नाही, त्यांची दलं वर येतात, ती गेली की रोप गेलं.

झाड म्हणाल तर दीड वीत उंच. पानं चिंचेच्या पानासारखी जोडीजोडीनं, टोकाला बारीक तणावा, त्यानं एक रोप दुसऱ्याला धरून राहतं. फूल फिकट निळसर-पांढरं, इतकं लहान की वाकल्याशिवाय दिसत नाही. शेंग चपटी, नखाएवढी, आत दाणे एक किंवा दोन. बस्स. हरभऱ्यासारखं घाटे खायला जावं तर हाती काही लागत नाही. काढणी सकाळच्या दवात करावी लागते, उन्हं चढली की शेंगा फुटून दाणा जमिनीत.

उतेऱ्यात एकरी दोन-तीन क्विंटल हाती लागला तरी आम्ही खूश, कारण खर्च बियाण्याचाच. हल्ली तोही कमी झालाय. धान काढायला हार्वेस्टर येतो, त्याच्या चाकाखाली उतेरा दबतो. आणि कापणी झाली की गावाची गुरं मोकळी सोडतात. एकट्यानं मसूर पेरला तर सगळ्या गावाची गुरं त्याच्याच बांधीत.

तिखटमीठ

झाडीपट्टी, अशी माहिती मिळावी म्हणूनच धागा काढला होता. म्हणजे मसूर महाराष्ट्रात होतो, पण पुण्याच्या दुकानापर्यंत पोचत नाही?

अडत्या_वाशी

पोचेल कसा, तेवढा होतच नाही. देशात मसूर म्हणजे मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश, त्यातही बुंदेलखंड. मग बंगाल, बिहार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये आवक. आपल्याकडे वर्षाला दहा लाख टनांहून जास्त पिकतो, तरी पुरत नाही. २०२३-२४ मध्ये आयात पंधरा लाख टनांच्या पुढे गेली होती, म्हणजे पिकवला त्याच्या तोडीस तोड बाहेरून आणला.

बाजारात नुसतं 'मसूर' म्हणून सौदा होत नाही. देशी बारीक, देशी मोठा, कॅनडा क्रिमसन, ऑस्ट्रेलिया निपर, नगेट. कंटेनरच्या मालाचा भाव वेगळा, जहाजातून सुटा उतरलेल्या मालाचा वेगळा. साल काढून अख्खा ठेवला तर मलका, फोडला तर डाळ. बंगालला बारीक दाणा लागतो, त्याला चव जास्त म्हणतात आणि ते खरंही आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक दाणा मोठा, एकसारखा आणि चकचकीत मागतं. चकाकी तेल-पाण्याच्या पॉलिशची असते, पॉलिशशिवायचा माल मागून पाहा, फिकट दिसेल पण मिळतो.

आयात शुल्काचा खेळ सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये मसुरावर ३० टक्के शुल्क बसलं. मग कमी होत होत फेब्रुवारी २०२२ पर्यंत शून्यावर आलं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा १० टक्के. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली आणि ओटावाचं, म्हणजे भारत आणि कॅनडा सरकारचं, बिनसलं तेव्हा आमच्या बाजारात आठवडाभर भीतीचे सौदे झाले. जहाजं मात्र येत राहिली.

झाडीपट्टी

शुल्क शून्य होतं त्या वर्षांत शेतकऱ्याचं काय झालं तेही लिहा शेठ. हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला ६७०० रुपये क्विंटल जाहीर झाला. कागदावर छान. आमच्याकडे मसुराचं खरेदी केंद्रच नसतं, दोन-चार पोती घेऊन जायचं कुठं? गावच्या व्यापाऱ्याला जे येईल त्या भावानं.

अडत्या_वाशी

नाकारत नाही. पण शुल्क वाढवलं की पहिला ओरडा शहरातून होतो आणि सरकार तोच ऐकतं. आमच्या हातात काही नाही, आम्ही दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

नुसताच_वाचक

कॅनडाचा मसूर म्हणजे तणनाशकात बुडवलेला असतो असे निरोप फिरतात. त्यात तथ्य किती?

प्रेअरीवरून

मी सस्कॅचेवानात राहतो. कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर याच एका प्रांतात होतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

१९७० च्या आसपास इथे मसूर जवळजवळ नव्हताच. गहू घ्यायचा आणि पुढच्या वर्षी जमीन पडीक ठेवायची अशी पद्धत होती. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या पीक विकास केंद्रात अल स्लिंकार्ड नावाचे पैदासकार आले, त्यांनी १९७८ मध्ये 'लेअर्ड' आणि १९८० मध्ये 'एस्टन' हे वाण काढले. दोन्ही हिरव्या मसुराचे. तुमच्या डब्यातला लाल नंतर आला, तुमच्याच बाजारासाठी. इथले शेतकरी तो पिकवतात पण घरी क्वचितच खातात. गंमत अशी की इथला बराच लाल मसूर तुर्कस्तानात मेर्सिनला जातो, तिथे सोलून-फोडून पुढे इराक वगैरे देशांत विकला जातो.

झाड दीड वीत उंच हे झाडीपट्टी यांनी लिहिलंच, म्हणजे शेंगा जमिनीलगतच. इथे काढणी कम्बाइनने, पातं अगदी मातीला टेकवून. मध्ये दगड आला तर हजारो डॉलरचा खड्डा. म्हणून पेरणी झाल्यावर शेतावरून अजस्र लोखंडी रूळ फिरवतात, दगड आत दाबतात, जमीन सपाट करतात. उगवलेल्या रोपांवरूनही फिरवला तरी चालतं, कारण तेच: खालचे डोळे शाबूत.

आता तणनाशक. मसूर एकदम पिकत नाही, खाली शेंगा वाळतात तेव्हा वर फुलं असतात. सप्टेंबरात हिमकण पडायच्या आत सगळं वाळलं पाहिजे, म्हणून काढणीआधी फवारणी होते. डायक्वॅट नुसतं वाळवतं, ग्लायफोसेट तणासाठी. ग्लायफोसेट दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांखाली आल्यावरच मारायचं असा नियम आहे, लवकर मारलं तर अंश दाण्यात उतरतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे आणि निर्यातदार तपासणी करतात. 'बुडवलेला' हे खोटं, 'काहीच नाही' हेही खोटं. ज्याला नको असेल त्याने देशी घ्यावा, तिथे काढणी विळ्याने होते.

आणि इथे सगळं सुखात आहे असं नाही. वर्षाआड मसूर-वाटाणा घेऊन घेऊन जमिनीत मूळकूज बसली, अफॅनोमायसिस नावाचा रोग. त्यावर औषध नाही. सहा-आठ वर्षं त्या शेतात मसूर घेऊ नका असा सल्ला देतात. ज्या पिकानं पडीक जमीन सोडवली, त्याच पिकाला आता विश्रांती द्यावी लागतेय.

खापरीतला_दाणा

उशिरा आलो, पण धाग्यात मूळ पुरुषच राहिलाय. मसूर हा गहू-सातूबरोबर पश्चिम आशियात माणसाळवलेल्या पहिल्या पिकांपैकी, दहा हजार वर्षांच्या आसपासचा. आपल्याकडे नर्मदाकाठच्या नावडाटोलीला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन थरांत मसुराचे जळके दाणे मिळाले. आणि पुणेकरांसाठी खास: शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० ची वस्ती. मुख्य धान्य सातू, सोबत मसूर, लाख, कुळीथ, वाल. तिखटमीठ, तुमच्या घरापासून दोन तासांवर तीन हजार वर्षांपूर्वी लोक मसूर पिकवून खात होते. तुरीला आपल्या पानात येऊन इतकी वर्षं झाली असतील का याची मला शंका आहे, पण त्यावर वेगळा धागा काढू.

अजून एक. पश्चिमेकडून इथे आलेला मसूर फार थोड्या बियाण्यातून पसरला असं संशोधक मानतात. आपले देशी वाण लवकर फुलणारे, बारीक, पण एकमेकांसारखेच. तिकडचे वाण इथे पेरले तर फुलायलाच इतका उशीर करतात की उन्हाळा येतो. त्यामुळे संकर जमत नव्हता. अर्जेंटिनाचा 'प्रेकोझ' नावाचा लवकर येणारा मोठा दाणा मिळाला, तेव्हा कोंडी फुटली. या सगळ्या बियाण्याचा मोठा साठा सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेत होता. युद्धात तिथे काम करणं अशक्य झालं. सुदैवाने त्यांनी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या तिजोरीत प्रती ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्या काढल्या आणि लेबनॉन-मोरोक्कोत पुन्हा लावल्या. त्या तिजोरीतून बियाणं परत काढण्याची ती पहिलीच वेळ.

आणि केवळ करमणूक म्हणून: रोमन सम्राट कॅलिगुलाने इजिप्तहून रोमला ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) नेला, तेव्हा जहाजात भार म्हणून एक लाख वीस हजार मापं मसूर भरला होता असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. तो ओबेलिस्क आज व्हॅटिकनच्या चौकात आहे. मसूर कोणी खाल्ला ते त्याने लिहिलेलं नाही.

तिखटमीठ

इनामगावचं वाचून उडालेच! अडत्याभाऊ, मसूर डाळीत लाखेची डाळ मिसळतात म्हणे, ओळखायची कशी?

अडत्या_वाशी

मसुराची डाळ गोल, कडेला पातळ होत गेलेली. लाखेचा दाणा पाचरीसारखा, एका बाजूला उतरता, कडा चौकोनी. रंग देऊन मिसळली तर पाण्यात रंग सुटतो. मुठभर डाळ पांढऱ्या ताटलीत पसरा, वेगळा आकार लगेच डोळ्यात भरतो. अख्खा मसूर घेतलात तर प्रश्नच मिटला, त्यात भेसळ लपत नाही.

झाडीपट्टी

लाखोळीची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली, महाराष्ट्रात पुढे ती उठली. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखोळीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे खरं. पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाताबरोबर खातात, भिजवून पाणी टाकून देतात. लाखोळी म्हणून विकली तर गुन्हा कसला? मसूर म्हणून विकली तर फसवणूक, तिथे मी तुमच्या बाजूने.

काकूबाई_डोंबिवली

वाळवेकर, काल केला तुमच्या कृतीने. दाणा अख्खा, दाट रस्सा, मुलाने चौथी पोळी मागितली. कांदा तांबूस करताना हात भरून आला पण तुम्ही आधीच बजावलं होतं.

आता गॅलरीतल्या कुंडीत मसूर लावून बघावासा वाटतोय. घरी मलका आहे, तो चालेल का?

झाडीपट्टी

मलका नाही उगवायचा काकू, साल आणि अंकुर दोन्ही गिरणीत गेलेले असतात. अख्खा सालासकट घ्या, रात्रभर भिजवा, दिवाळीनंतर थंडी पडली की पसरट कुंडीत बोटाच्या पेराएवढा खोल टाका. ऊन भरपूर, पाणी बेतानं. खाली पाणी साचलं तर मर लागते आणि उभं झाड वाळतं. पहिले पंधरा दिवस कबुतरांपासून जाळी लावा. शेंगा धरल्या तरी डोंबिवलीत एका आमटीपुरता दाणा निघणार नाही, पण कोवळा पाला तोडून भाजीत घालता येईल.